गावातील प्लॉट आणि घर यांसाठीचे संयुक्त कर्ज : अनुभव आणि परीक्षण

सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील एका गावात अडीच गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट विकत घेऊन त्यावर राहते घर बांधण्यासाठी आम्ही एका राष्ट्रीयीकृत बँकेकडून प्लॉट खरेदी व बांधकाम यांसाठीचे संयुक्त कर्ज घेतले. घर आता पूर्ण झाले आहे आणि नियमित हप्ता सुरू आहे, त्यामुळे या कर्जाविषयी सुरुवातीपासून शेवटपर्यंत काही सांगता येईल असे वाटते. बँकेचे नाव येथे देत नाही, कारण जे गुणदोष लिहीत आहे ते एका बँकेचे नसून बहुतेक बँकांच्या या कर्जप्रकाराचे आहेत. शहरातील सदनिकेसाठी गृहकर्ज कसे घ्यावे यावर मराठीत पुष्कळ माहिती मिळते. गावात जमीन घेऊन घर बांधणाऱ्याला मात्र तलाठी कार्यालयापासून बँकेच्या कर्ज-केंद्रापर्यंत प्रत्येक ठिकाणी वेगळे उत्तर ऐकावे लागते.

प्रथम कर्जाचे स्वरूप. बँकांकडे या कामासाठी तीन प्रकार असतात : केवळ प्लॉट खरेदीचे कर्ज, स्वतःच्या मालकीच्या जागेवर बांधकामासाठीचे कर्ज, आणि दोन्ही गोष्टी एकाच मंजुरीत बसवणारे संयुक्त कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्लॉटसाठी कर्ज देताना बँकेने कर्जदाराकडून त्या जागेवर घर बांधण्याचा इरादा असल्याचे घोषणापत्र घ्यावे लागते, आणि किती मुदतीत बांधायचे हे ठरवण्याचा अधिकार बँकेला असतो. आमच्या मंजुरीपत्रात ही मुदत तीन वर्षांची होती आणि त्या मुदतीत बांधकाम झाले नाही तर कर्जाला गृहकर्जाचा दर न लावता अधिक दर लावण्यात येईल, अशी अट स्पष्ट लिहिलेली होती. जमीन घेऊन ठेवावी आणि भाव वाढल्यावर बघू, असा विचार असलेल्यांसाठी हे कर्ज नाही, आणि ते तसे नसावे हेच योग्य आहे असे माझे मत आहे.

केवळ प्लॉटच्या कर्जाची परतफेडीची मुदत साधारणपणे गृहकर्जापेक्षा कमी असते, आणि दरही बऱ्याचदा थोडा चढा असतो. याचा हप्त्यावर होणारा परिणाम समजून घ्यावा. दर ९ टक्के धरला तर दहा लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता पंधरा वर्षांसाठी सुमारे १०,१४३ रुपये आणि वीस वर्षांसाठी सुमारे ८,९९७ रुपये येतो. प्लॉटचे कर्ज वेगळे आणि बांधकामाचे वेगळे घेतले तर पहिल्या कर्जाचा जड हप्ता भरत असतानाच दुसऱ्या कर्जासाठी आपली परतफेडीची क्षमता मोजली जाते, आणि नेमके बांधकामाच्या वेळी हवे तेवढे कर्ज मिळत नाही. शिवाय दोन वेळा प्रक्रिया शुल्क, दोन वेळा वकिलाचा अहवाल आणि दोन वेळा गहाणाची नोंद. घर दोन-तीन वर्षांत बांधण्याची तयारी असेल तर संयुक्त कर्ज हाच शहाणपणाचा मार्ग आहे, आणि या परीक्षणात मी त्याची शिफारस करतो.

मात्र ही शिफारस कागदपत्रे स्वच्छ असलेल्या जमिनीपुरतीच आहे. आज पुणे, सातारा, रायगड, नाशिक या पट्ट्यांत ‘फार्महाऊस प्लॉट’ म्हणून जे काही विकले जाते, त्यातील बराचसा भाग शेतजमिनीचाच असतो. विक्रेता पाच-दहा गुंठ्यांचे तुकडे कागदावर आखतो, अनेक खरेदीदारांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक म्हणून लावतो आणि कोणता तुकडा कोणाचा हे एका साध्या नकाशावर दाखवतो. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे; २०२३ च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे शेतजमिनीच्या तुकड्याचे किमान क्षेत्र, जिरायतीसाठी वीस आणि बागायतीसाठी दहा गुंठे असे खाली आणले असले, तरी त्याहून लहान शेतजमिनीचा तुकडा पाडून विकणे आजही अडचणीचेच आहे. ज्याच्या नावावर शेती नाही त्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेऊ नये, हे कूळ कायद्याचे कलम ६३ सांगते. परदेशस्थ भारतीय नागरिकांना तर शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घेण्यास परकीय चलनविषयक कायद्यानेच मनाई आहे, हे अमेरिकेत किंवा आखाती देशांत राहून गावी जागा शोधणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. अशा जमिनीवर बँक गृहकर्ज देत नाही. तेव्हा विक्रेता म्हणतो की बँकेच्या भानगडीत पडू नका, आम्हीच वर्षभराचे हप्ते बांधून देतो. बँकेने नकार दिलेली जमीन हप्त्याने का होईना पण घेऊ नये, असे मी अत्यंत कळकळीने सांगतो. कारण तो नकार जमिनीच्या हक्काविषयी असतो आणि तुमच्या ऐपतीशी त्याचा संबंध नसतो.

आम्ही पाहिलेला प्लॉट गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतील गटात होता. अशा जमिनींसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ४२-ड आले आहे, त्यामुळे निवासी वापरासाठी स्वतंत्र बिगरशेती परवानगीची जुनी लांबलचक प्रक्रिया करावी लागत नाही. आमच्या वेळी रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरून सनद, म्हणजे बिगरशेती वापराचा दाखला, घेता येत होती. मूळ शेतकरी कुटुंबाने हे करून मंजूर रेखांकनानुसार प्लॉट पाडले होते. बँकेने सनद, मंजूर रेखांकन, प्लॉटचा स्वतंत्र सातबारा आणि मोजणीचा नकाशा मागितला. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेत आठपेक्षा अधिक प्लॉट असल्यामुळे महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांकही मागितला. जमीन भोगवटादार वर्ग-२ ची, म्हणजे हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली, असती तर सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीचा आणि नजराण्याचा (शासनाला भरायच्या रकमेचा) प्रश्न उभा राहिला असता. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. तो स्वतः काढून भूधारणा पद्धतीच्या रकान्यात काय लिहिले आहे हे बँकेत जाण्यापूर्वीच पाहावे.

या संपूर्ण सेवेतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे बँकेच्या पॅनेलवरील वकिलांनी केलेली मालकी हक्काची तपासणी. तीस वर्षांचा शोध-अहवाल हा अनेकांना उपचार वाटतो, आणि काही ठिकाणी तो तसा उरकलाही जात असेल. परंतु आमच्या प्रकरणात वकिलांनी प्रत्येक फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, मुळापासून वाचला. वारसाच्या एका जुन्या फेरफारात मूळ मालकाच्या दोन मुलींची नावे होती आणि पुढच्या उताऱ्यातून ती नाहीशी झाली होती, मात्र त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र कोठेही सापडत नव्हते. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि आपल्याकडील ग्रामीण जमिनींच्या वादांत हाच मुद्दा वारंवार पुढे येतो. विक्रेत्यांचे म्हणणे होते की बहिणी चांगल्या आहेत, त्या कधी काही बोलणार नाहीत. वकिलांनी ते मान्य केले नाही. दोघी बहिणींनी संमती देणार म्हणून खरेदीखतावर सह्या कराव्यात, तसेच त्यांना त्यांच्या वाट्याची रक्कम बँकेमार्फत मिळाल्याची नोंद खतात असावी, असा वकिलांचा आग्रह होता. त्यासाठी व्यवहार बराच लांबला आणि विक्रेते नाराजही झाले. तरीही त्या दोघी दुय्यम निबंधक कार्यालयात येऊन, खत वाचून, आपल्या हक्काची किंमत घेऊन सही करून गेल्या, ही गोष्ट मला कर्जाच्या व्याजदरापेक्षा महत्त्वाची वाटते. बँकेचा वकील बँकेच्या हितासाठी काम करतो हे खरे आहे, म्हणून स्वतःचाही वेगळा वकील असावा असे सांगितले जाते आणि तो सल्ला चुकीचा नाही. परंतु गहाण ठेवलेली जमीन वादात सापडू नये हे बँकेचे हित आणि आपले हित एकच आहे.

मूल्यांकनाच्या बाबतीत मात्र सेवा निराशाजनक होती. बँकेचा मूल्यांकनकार जिल्ह्याच्या ठिकाणाहून आला, प्लॉटवर थोडा वेळ थांबला आणि शेजारच्या व्यवहारांची फारशी चौकशी न करता शासनाच्या वार्षिक मूल्य दर तक्त्याच्या (रेडी रेकनरच्या) जवळ जाईल असा आकडा त्याने लिहिला. ठरलेली किंमत बारा लाख होती, त्याचे मूल्यांकन साडेदहा लाख आले. बँक करारातील किंमत आणि मूल्यांकन यांपैकी जी रक्कम कमी असेल तिच्यावर कर्ज ठरवते. प्लॉटसाठी ७५ टक्के मंजूर झाल्याने ७,८७,५०० रुपये मिळाले आणि उरलेले ४,१२,५०० रुपये आम्हांला उभे करावे लागले. त्यावर मुद्रांक शुल्क, किमतीच्या एक टक्का पण जास्तीत जास्त तीस हजार रुपये इतके नोंदणी शुल्क, मोजणी, वकील असा खर्च वेगळा. घराच्या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च धरून कर्ज देण्यास रिझर्व्ह बँकेची सर्वसाधारणपणे परवानगी नाही. दहा लाखांपर्यंतच्या स्वस्त घरांचाच त्याला अपवाद आहे. गृहकर्जात तीस लाखांपर्यंत ९० टक्के कर्ज मिळू शकते हे वाक्य जाहिरातीत सर्वत्र दिसते, पण ती बँकांना घातलेली कमाल मर्यादा आहे, आणि गावातील प्लॉटच्या बाबतीत बँका तिच्या जवळपासही जात नाहीत. स्वतःजवळ प्लॉटच्या किमतीच्या निम्मी रक्कम असल्याशिवाय विसार (आगाऊ रक्कम) देऊ नये, हे माझे स्पष्ट मत या आकड्यांवरूनच बनले आहे. साठेखतात एक कलम आवर्जून घालून घ्यावे : बँकेने मालकी हक्काच्या कारणावरून कर्ज नाकारल्यास विसार पूर्ण परत मिळेल. आमच्या विक्रेत्यांनी ते मान्य केले होते.

बांधकामाच्या टप्प्याला आल्यावर सर्वाधिक त्रास झाला तो मंजूर नकाशावरून. २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर रिझर्व्ह बँकेने अशी अट घातली की स्वतःच्या जागेवर बांधकामासाठी कर्ज देताना सक्षम प्राधिकरणाने मंजूर केलेला नकाशा घ्यावा, कर्जदाराकडून त्यानुसारच बांधण्याचे प्रतिज्ञापत्र घ्यावे आणि बांधकाम नकाशाप्रमाणे होत असल्याचे वास्तुविशारदाने टप्प्याटप्प्याने प्रमाणित करावे. नियम उत्तम आहे. महाराष्ट्रात २०२० नंतर ग्रामीण भागातील छोट्या घरांची परवानगी सोपी झाली : दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर आवश्यक कागदपत्रे व शुल्क सादर केले की काम सुरू करता येते, आणि त्यापुढे तीनशे चौरस मीटरपर्यंत परवानाधारक अभियंत्याच्या प्रमाणपत्राच्या आधारे ग्रामपंचायत परवानगी देते. आमचा प्लॉट सुमारे २५३ चौरस मीटरचा, म्हणजे दुसऱ्या प्रकारात बसणारा. परंतु शहरातील कर्ज-केंद्रात बसलेल्या अधिकाऱ्यांना नगररचना कार्यालयाचा शिक्का नसलेला नकाशा अपुरा वाटला, आणि ग्रामपंचायतीला हा अधिकार आहे हे शासनाचे परिपत्रक दाखवून पटवून द्यावे लागले. गावातील घरासाठी कर्ज देणाऱ्या बँकेला गावातील परवानगीची पद्धत ठाऊक असावी, एवढी अपेक्षा रास्त आहे. अखेर तालुक्याच्या शाखेतील शाखाधिकाऱ्यांनी यापूर्वी मंजूर केलेल्या अशाच प्रकरणांचा दाखला देऊन मार्ग काढला, आणि म्हणूनच अर्ज शहरातील घराजवळच्या शाखेत न करता जमीन ज्या तालुक्यात आहे तेथील शाखेत करावा असे मी सुचवतो. तेथील अधिकाऱ्यांना नमुना आठ (ग्रामपंचायतीचा आकारणी उतारा) म्हणजे काय, गावठाण कोठे संपते आणि पाणंद रस्ता कोणता हे समजावून सांगावे लागत नाही.

कर्जाचे वितरण जोते, लिंटेल, स्लॅब आणि गिलावा अशा टप्प्यांत झाले. प्रत्येक टप्पा पूर्ण झाल्यावर बँकेचा अभियंता पाहणी करतो आणि मग रक्कम जमा होते, म्हणजे तो टप्पा आधी स्वतःच्या पैशाने उभा करावा लागतो. शहरात अभियंता दोन दिवसांत येतो; आमच्याकडे तो इतर प्रकरणे जमली की येत असे. गावातील बांधकामाला हंगाम असतो. पावसाळ्यापूर्वी स्लॅब पडला नाही तर विटा, वाळू आणि गवंडी या तिन्हींचे गणित पुढे ढकलले जाते आणि मजुरी वाढते. एका टप्प्याच्या खर्चाइतकी रक्कम हाताशी ठेवूनच काम सुरू करावे, अन्यथा लोक मधल्या काळासाठी पतसंस्थेकडून किंवा सोने तारण ठेवून चढ्या दराने पैसे उचलतात आणि संयुक्त कर्जाचा फायदा तेथेच संपतो. बांधकाम चालू असताना केवळ उचललेल्या रकमेवरचे व्याज भरावे लागते. दहा लाख उचलले असतील तर ९ टक्क्यांनी ते महिना ७,५०० रुपये होते आणि मुद्दल त्यातून एक रुपयाही कमी होत नाही. काम रेंगाळले की हे व्याजही रेंगाळते.

शुल्कांबाबत बँकेचे वर्तन व्यवस्थित होते. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात व्याजासह सर्व शुल्के धरून येणारा वार्षिक दर छापलेला असतो, आणि दोन बँकांची तुलना त्याच आकड्यावरून करावी. कर्जासोबत एकरकमी हप्त्याचा आयुर्विमा घेण्याचा आग्रह झाला, तो आम्ही नम्रपणे नाकारला आणि त्यावरून मंजुरी अडली नाही. हक्कलेख ठेवून गहाण दिल्यानंतर तीस दिवसांच्या आत दुय्यम निबंधकांकडे सूचना दाखल करण्याची जबाबदारी कर्जदाराची असते. हे बँकेने आठवणीने सांगितले. बँकेचा बदलता दर २०१९ पासून बाह्य मानकाशी, म्हणजे बहुधा रेपो दराशी जोडलेला असतो. गृहवित्त कंपन्यांना ती सक्ती नाही, आणि ग्रामीण भागात कागदपत्रांबाबत थोड्या सैल असलेल्या या कंपन्या निवडताना दर कसा बदलणार हे लेखी विचारावे.

प्राप्तिकराच्या सवलतीविषयी विक्रेते आणि एजंट बरेच चुकीचे सांगतात. घर पूर्ण होईपर्यंत प्लॉटच्या कर्जावरील व्याजाची कोणतीही वजावट मिळत नाही. घर पूर्ण झाल्यावर आधीच्या काळातील व्याज पाच समान भागांत मागता येते, राहत्या घरासाठी एकूण वार्षिक मर्यादा दोन लाखांची असते, आणि कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण व्हावे लागते. हे सारे जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांसाठी आहे. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही, त्यामुळे करबचतीसाठी म्हणून हे कर्ज घेण्याचे कारण उरत नाही.

ज्यांचे उत्पन्न अनियमित आहे किंवा ज्यांना पाच-सहा लाखांतच छोटे घर बांधायचे आहे, त्यांना हे कर्ज परवडणारे नाही आणि बँकही त्यांच्याकडे फारशी वळत नाही. अशा कुटुंबांनी आधी शासकीय योजनांची चौकशी करावी. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातून सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपयांचे साहाय्य मिळते. ज्यांच्याकडे घरासाठी जागाच नाही अशा पात्र लाभार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसाहाय्य योजनेतून जागेसाठी मदत मिळते, आणि ती रक्कम पन्नास हजारांवरून एक लाखापर्यंत वाढवण्यात आली आहे. गावठाणात वडिलोपार्जित जागा असेल तर नवा प्लॉट घेण्यापूर्वी तिचाच विचार करावा. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २०२० मध्ये स्वामित्व योजनेतून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर ते काम सुरू झाले. गावठाणातील घराला मिळकतपत्रिका मिळाली की ते तारण म्हणून स्वीकारण्याची शक्यता वाढते. पूर्वी केवळ ग्रामपंचायतीच्या आकारणी उताऱ्यावर बँका दारात उभे करत नसत, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या पत्रिकेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मात्र पत्रिकेवर सर्व भावंडांची नावे असतील तर त्या सर्वांची संमती लागते.

परतफेडीच्या बाजूने दोन गोष्टी कर्जदाराच्या हिताच्या आहेत. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड व्यक्तींना लागत नाही, म्हणून ऊस, नोकरीतील वेतनफरक किंवा अन्य मार्गाने एकरकमी पैसा आला तर तो मुद्दलात भरावा. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत देणे बँकेवर बंधनकारक असून, बँकेच्या कारणाने उशीर झाल्यास दर दिवसाला पाच हजार रुपयांची भरपाई द्यावी लागते. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात चढलेला बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) मात्र आपोआप उतरला असे गृहीत धरू नये. बँकेचा बेबाकी (कर्ज फिटल्याचा) दाखला घेऊन ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या तलाठ्याकडे) अर्ज करावा आणि फेरफार प्रमाणित झाल्यावर नवा उतारा काढून तो रकाना कोरा झाल्याची खात्री करावी.